अर्धं पाऊल

कुत्र्यांच्या खेळात मी चावून घेणारा माणूस. डाव्या हातात तागाची जाड बाही चढवायची, उजव्या हातात काठी घ्यायची आणि समोरून सुटलेल्या कुत्र्याच्या अंगावर ओरडत धावायचं, हे काम मी एकतीस वर्षं केलं. या माणसाला हेल्पर म्हणतात. त्यानं मदत नक्की कोणाला होते ते विचारू नका, कारण ही सगळी गोष्ट त्याचीच आहे.

माझा दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. मॅलिनॉ कुत्र्यांची पैदास हा त्याचा ध्यास. मॅलिनॉ म्हणजे तांबूस अंगाचं, काळ्या तोंडाचं, कायम कुठेतरी घाईत निघाल्यासारखं दिसणारं कुत्रं. शोभेला म्हणून आणलंत तर आठवड्यात सोफा राहणार नाही. पण माग काढणं, आज्ञा पाळणं आणि अंगावर येणाऱ्या माणसाला अडवणं, या तिन्हींच्या स्पर्धेत त्याचा हात धरणारं जनावर नाही. दादाला असं कुत्रं आयतं घ्यायचं नव्हतं, स्वतःच्या दारी जन्माला घालायचं होतं. आणि त्याच्या मते कुत्रं मैदानावर घडत नाही, आजी-आजोबांत घडतं. "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार," हे मी त्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

त्याच्या खोलीत बुटांची चार खोकी होती. त्यात प्रत्येक कुत्र्याचं एक कार्ड. खुब्याचा एक्स-रे कसा, दात कसे, पकड तोंडभर की नुसत्या पुढच्या दातांची, अचानक आवाज झाला तर किती वेळात सावरतं, गुळगुळीत फरशीवर पाय टाकतं का. नुसता जिंकलेला कुत्रा बघून तो कधी भुलला नाही. "एकटा चॅम्पियन काय सांगणार? भावंडं दाखवा त्याची," म्हणायचा, आणि कोणाच्या तरी मागच्या अंगणात पडलेली, कोणी नाव न ऐकलेली एखादी बहीण बघायला दिवसभर गाडी हाकत जायचा. माणसं लग्न जुळवताना एवढं बघत नाहीत. आमची वहिनी म्हणायची, "माझ्या माहेरची एवढी चौकशी केली असतीत, तर मी तरी सुटले असते."

कार्डाच्या तळाशी दोन रकाने होते. शेवटचा 'पिल्लं' आणि त्याच्या वरचा 'बाहीवाल्याचं मत'. हा बाहीवाला म्हणजे मी. परीक्षक पन्नास पावलांवरून बघतो, मालक मागे उभा असतो. कुत्र्याच्या काळजात काय आहे ते फक्त बाहीतल्या हाताला कळतं, असं दादा मानायचा, आणि ते खरंही आहे. तो रकाना त्यानं कधी आपल्या मनानं भरला नाही. कुत्रं घेऊन झालं की पेन्सिल घेऊन माझ्यासमोर उभा राहायचा आणि विचारायचा, "कसा आला?" मी सांगेन तो शब्द, तसाच्या तसा लिहायचा.

भोवरा नावाचा नर वहिनीनं बाटलीनं दूध पाजून वाढवला होता, कारण त्याची आई त्याला जन्म देताना मेली. भोवरा तीन वर्षांचा झाला त्या वर्षी वहिनी गेली. तीन महिन्यांचं दुखणं झालं आणि संपलं. त्यानंतर दादा सकाळी उठायचा तो फक्त भोवराला फिरवण्यासाठी. दाढी वाढलेली, स्वयंपाक पंधरा वर्षांची मुलगी करणार, आणि तिच्याशीही बोलणं कामापुरतं. मोठी स्पर्धा जवळ आली होती. मीच मागे लागून त्याला भाग घ्यायला लावला. मैदानावरचा हेल्पर मीच होतो. सख्ख्या भावाचा कुत्रा, तरी कोणी हरकत घेतली नाही. माझं नाव तेवढं होतं.

शेवटची परीक्षा साधी असते. मी मैदानाच्या टोकावरच्या आडोशातून बाहेर पडतो आणि काठी उगारून, ओरडत, सरळ पुढे धावतो. साठ पावलांवरून कुत्रा सुटतो. दोघंही पूर्ण वेगात. चांगलं कुत्रं वेग कमी करत नाही. बस, एवढंच बघायचं असतं.

भोवरा सुटला, सुरेख सुटला. माझ्यापासून दहा पावलांवर असताना त्याचे कान बाजूला पडले आणि त्याची ढांग मध्येच तुटली. त्याला शंका आली. कुत्र्याला शंका आली की त्याचं पुढचं पाऊल समोरचा माणूस ठरवतो. मी तसाच गेलो असतो तर तो मला बगल देऊन निघून गेला असता. मी अर्धं पाऊल आखडलं आणि छाती जराशी वळवली. बघणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. कुत्र्याला मात्र वाटतं, हा माणूस घाबरला. भोवराच्या जिवात जीव आला, त्यानं झेप घेतली आणि बाही तोंडभर धरली. शंभरपैकी सत्त्याण्णव गुण.

दादा पेन्सिल घेऊन आला. कित्येक महिन्यांनी त्या दिवशी त्यानं दाढी केली होती.

"कसा आला, बारक्या?" माझं वजन पंच्याण्णव किलो आहे, पण त्याच्या लेखी मी बारक्याच.

"सरळ आला," मी म्हणालो. "खांदा निखळायचा राहिला."

त्या दिवशी मला जराही वाईट वाटलं नाही, हेही सांगून टाकतो. घरी जाताना मी शीळ घालत होतो.

काजळ ही दादाकडची मादी, भोवराहून वर्षभरानं लहान. पिल्लू असताना फाटकात सापडून तिचा पुढचा पंजा वाकडा झाला होता. धावायची छान, पण उंच फळीवरून उडी मारली की उतरताना लंगडायची, म्हणून तिला स्पर्धेत उतरवता आलं नाही. घरच्या मैदानावर मी तिला शंभर वेळा तरी बाहीवर घेतलं असेल. काठी उगारा, पत्र्याचे डबे वाजवा, तोंडावर पाणी मारा, ती यायचीच. शंका नावाची वस्तू तिच्यात घालायला देव विसरला होता. पण तिच्या कार्डावर गुणांची जागा कोरी होती.

दादानं दोघांची जोड लावली. एका वेतात सात पिल्लं झाली. ती चौदा महिन्यांची झाली तेव्हा मी खांद्याचं ऑपरेशन करून घरी पडलो होतो, म्हणून दुसऱ्या क्लबच्या हेल्परनं ती तपासली. सातातली तीन ऐन वेळी वळली. दादा तिथून सरळ माझ्याकडे आला, पलंगाच्या कडेला बसला आणि दोन्ही कार्डं चादरीवर ठेवली.

"तीन वळली म्हणजे योगायोग नाही, रक्तात आहे," तो म्हणाला. "दोघांपैकी एकाच्या. दोघांनाही तू अंगावर घेतलंयस. भोवराचं असेल का?"

मी 'हो' म्हणायला हवं होतं. वहिनीला जाऊन दोन वर्षं उलटली होती, दादा सावरला होता, त्यानं ऐकून घेतलं असतं. पण आता खरं बोलायचं तर आधीचं खोटंही कबूल करावं लागणार होतं. लोक काय म्हणतील, असं माझ्या मनात आलं. आणि ते भोवराबद्दल नव्हे, माझ्याबद्दल.

"भोवरा तर नाही," मी म्हणालो.

दादानं मान हलवली आणि लाल पेन्सिलीनं काजळच्या कार्डावर तिरकी रेघ मारली. जे रक्त पुढे न्यायचं नाही त्याचा मोह ठेवायचा नाही, हा त्याचा नियम. महिन्याभरात ऑपरेशन करून काजळचं गर्भाशय काढलं आणि तिला एका लाकडाच्या वखारीच्या पहारेकऱ्याला देऊन टाकलं. तिच्या सातही पिल्लांची तशीच ऑपरेशनं करून ती घरोघरी दिली. गाडीत बसताना काजळ माझ्याकडे बघून शेपूट हलवत होती. तिला वाटलं, मैदानावर चाललोय.

पहिलं खोटं मी प्रेमापोटी बोललो होतो, असं म्हणायला जागा आहे. दुसऱ्याला तीही नाही.

पुढची नऊ वर्षं दादानं सगळी मांडणी भोवरावर केली. त्याची मुलं, मग नातवंडं, मग त्यांच्या आपसात जोड्या. वंशावळीच्या तक्त्यात एकच नाव दोन्ही बाजूंनी येऊ लागलं. घरच्या मैदानावर तपासणारा मीच, आणि माझ्यासमोर सगळी सरळ यायची. बाहेर गेली की काही वळायची. दादा म्हणायचा, मालकांना शिकवता येत नाही. पुतणीनं भोवराचाच एक मुलगा, वारू, तयार केला होता. भर स्पर्धेत तो परक्या हेल्परच्या बाजूनं निघून गेला आणि तिच्यामागे जाऊन उभा राहिला. लोक हसले. आपल्या हाताला गुण नाही असं धरून पोरीनं दोन वर्षं कुत्र्याला हात लावला नाही. मी तिची समजूत काढायला गेलो होतो. चांगला तासभर बसून काढली.

आता ती सव्वीस वर्षांची आहे, जनावरांच्या दवाखान्यात काम करते आणि दादाची खोकी तिला पुढे चालवायची आहेत. मागच्या आठवड्यात आई-बाप दोन्हीकडून भोवराची नात असलेली ठिणगी माजावर येणार होती. तिला तसाच दोन्हीकडून भोवराचा नातू असलेला नांगर लावायचा, असं दादाच्या मनात होतं. म्हणजे येणाऱ्या पिल्लांच्या तक्त्यात भोवराचं नाव चार घरांत. "हे वेत झालं की मी सुटलो," दादा म्हणत होता. "मग तू बघ काय ते." पुतणी म्हणाली, लावायच्या आधी दोघांना एकदा नीट तपासू, मी मोबाइलवर चित्रण करते.

सकाळी आम्ही दोघांना घेतलं. दोघंही माझ्यावर तोंडभर आली. मग चहा घेत आम्ही तिघं दादाच्या खोलीत बसलो आणि पुतणीनं ते चित्रण संथ करून मोठ्या पडद्यावर लावलं. तिनं जुनी चित्रणंही जमवली होती, आमच्या कुत्र्यांची आणि क्लबमधल्या इतरांचीही. एकामागून एक बघता बघता ती थांबली, मागे गेली, पुन्हा लावलं.

"काका, एक गंमत बघा. आपलं कुत्रं दहा पावलांवर आलं की तुम्ही थोडे थांबता. हे बघा. इथेही. इतरांच्या वेळी नाही थांबत."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण इथे चांदणं कसलं, लख्ख ऊन पडलं होतं. आणि मला खरोखरच धक्का बसला. मी दोन-चार वेळा जाणूनबुजून केलं होतं, ते मला ठाऊक होतं. दरवेळी, हे ठाऊक नव्हतं. समोर भोवराचं तोंड दिसलं की माझा पाय आपोआप आखडत होता. कुत्र्यांना शिकवता शिकवता माझाच पाय शिकून बसला होता.

"खांदा दुखतो का तुमचा?" पुतणीनं विचारलं. "अंदाज घेऊन जाता का?"

"हो," मी म्हणालो. "खांदाच."

पुतणी ठिणगीला पाणी द्यायला गेली. दादा उठला, कुत्र्यांसाठी आणलेलं मलम कपाटातून काढलं आणि म्हणाला, "सदरा काढ. पालथा हो."

"राहू दे रे दादा."

"सांगितलेलं ऐक. इतकी वर्षं माझ्या कुत्र्यांनी तो खांदा ओढलाय. मला एकदा बोलला असतास."

मी त्याच्या पलंगावर पालथा पडलो. पासष्ट वर्षांचा माझा भाऊ माझ्या खांद्याला मलम चोळायला लागला. त्याचे हात तेच होते, लहानपणी मी झाडावरून पडलो तेव्हाचे. दुखरी जागा त्याला न विचारता सापडली. उशीत तोंड खुपसून मी आठ-दहा मिनिटं सहन केलं. मग नाही झालं.

"दादा, भोवरा सरळ आला नव्हता."

हात चालत राहिले. मी सगळं सांगितलं. उशीत बोलत होतो, म्हणून जमलं. दहा पावलं, कान, अर्धं पाऊल. मग ऑपरेशननंतरचा तो दिवस आणि चादरीवरची दोन कार्डं. कधीतरी मधेच हात थांबले. मलमाच्या डबीला झाकण लावल्याचा आवाज आला.

"काजळच्या वेळी तुला माहीत होतं?" त्यानं विचारलं.

"हो."

"नक्की? की आता वाटतंय?"

"नक्की माहीत होतं, दादा."

तो शिव्या देईल अशी माझी अपेक्षा होती, आणि खरं सांगायचं तर आशाही होती. त्यानं फडक्याला हात पुसले, एकेक बोट करून पुसले. मी उठून बसलो तर दारात पुतणी पाण्याची बादली घेऊन उभी होती. केव्हापासून, कोण जाणे.

"वारूलाही तुम्हीच सरळ केलं होतं का, काका?" तिनं विचारलं. मी मान डोलावली. ती म्हणाली, "मला वाटलं होतं माझं चुकलं," आणि बादली खाली ठेवून निघून गेली. तिच्या जागी कोणीही रडलं असतं. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

ठिणगीची जोड रद्द झाली, हे कोणाला बोलून दाखवावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचा फोन आला. "पहारेकऱ्याकडे जाऊन येऊ," एवढंच म्हणाला. वाट तासाभराची होती. मी दोनदा "दादा" म्हणून सुरुवात केली आणि दोन्ही वेळा त्यानं गिअर बदलला.

वखारीत ओंडक्यांच्या दोन थप्प्यांमध्ये उन्हाचा एक पट्टा होता आणि त्यात काजळ झोपली होती. तेरा वर्षांची. काळं तोंड आता पार पांढरं, डोळ्यांवर निळसर पडदा. पहारेकरी म्हणाला, "ऐकू काही येत नाही तिला. पण गुणी आहे बघा. नऊ वर्षांत एकदा कोणावर धावली नाही, आणि एकदा कोणाला घाबरली नाही. मध्ये इथे थप्पी कोसळली होती. सगळे पळाले, ही बसल्या जागी मान वळवून बघत होती, काय झालं म्हणून."

दादानं ते ऐकून घेतलं. मग कोपऱ्यातलं एक जुनं पोतं उचललं, गुंडाळी करून माझ्या हातात दिलं.

"काठी घे," तो म्हणाला. "लांबून ये."

"दादा, तेरा वर्षांची आहे ती."

"तिचं वय मला सांगू नकोस. तिच्या आईचं बाळंतपण याच हातांनी केलंय मी."

पहारेकऱ्याला कळेना हे काय चाललंय. दादानं काजळला हातानं हलवून उठवलं, तिचं तोंड माझ्या दिशेला केलं आणि बाजूला झाला. मी वखारीच्या टोकाशी गेलो, पोतं डाव्या हाताला गुंडाळलं, फळीचा एक तुकडा उगारला आणि चालू लागलो. माझंही वय झालंय, पण भराभर चालत होतो, अंगावर जातात तसा. तिला अंधूक काही हललेलं दिसलं असावं. तिनं मान वर केली. आणि ती निघाली. मागचे पाय थरथरत होते, वाकडा पंजा बाहेर पडत होता, पण कान पुढे होते.

दहा पावलांवर माझा पाय आखडायला निघाला. सवयीनं नाही, या वेळी खरोखरच वाटलं म्हणून. म्हातारी कुत्री, आज थांबलो असतो तर कोणी नावं ठेवली नसती. पण दादा बघत होता. तो तिच्याकडे बघत नव्हता, माझ्या पायांकडे बघत होता. मी थांबलो नाही. फळी उगारूनच गेलो.

तीही थांबली नाही. धावता येत नव्हतं म्हणून चालत आली, पण येताना एकदाही चाल मोडली नाही. तिनं पोतं तोंडभर धरलं. दात झिजून खुंट उरले होते, तरी पार जबड्याच्या मुळापर्यंत धरलं, आणि मग ना ओढ, ना गुरगुर, नुसती शांतपणे उभी राहिली. त्या पोत्यातून माझ्या हाताला जे कळलं ते नऊ वर्षांपूर्वीच्यासारखंच होतं.

"सोड," दादा हळूच म्हणाला. तिला ऐकू आलं नाही.

तो जवळ येऊन ओंडक्यावर बसला. खिशातून त्यानं एक कार्ड काढलं. कडा पिवळ्या पडलेल्या, मधून लाल तिरकी रेघ. पेन्सिल काढली. माझ्याकडे न बघता विचारलं,

"कशी आली?"

"सरळ आली, दादा," मी म्हणालो. "एकदाही थांबली नाही."

माझ्या नावाच्या रकान्यात त्यानं तो शब्द लिहिला. अक्षर नेहमीसारखंच बारीक आणि नीट. शेजारी तारीख घातली. मग पेन्सिल खालच्या 'पिल्लं' रकान्यावर आली, सात पिल्लांच्या त्या एकाच वेताची ओळ होती तिच्याखाली, आणि तिथेच राहिली. बराच वेळ तो त्या कोऱ्या जागेकडे बघत बसला.

काजळनं पोतं अजून सोडलं नव्हतं.